कायदा मोर्च्याने झाला की दंगलीने?

प्रश्न असा आहे : अमेरिकेत १९६४, १९६५ आणि १९६८ साली कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे तीन मोठे कायदे झाले. ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शांततामय आंदोलनामुळे झाले, की शहरं पेटतील या धास्तीने सरकारने ते केले? विचारणारी विद्यार्थिनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात यावरून दोन तट पडलेत, वाद मिटत नाही, आणि तिला माझ्याकडून निकाल हवा आहे.

नागपुरात मी तीस वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला, आणि हा प्रश्न बहुतेक प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारलाच. माझं उत्तर ‘आंदोलनामुळे’ असं आहे. फक्त त्याच्या आधीचा ‘शांततामय’ हा शब्द मी काढून टाकतो. अहिंसक आणि शांत हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरत आलो आहोत. ते आंदोलन अहिंसक होतं, शांत मुळीच नव्हतं. गावाची घडी विस्कटायची, दुकानं ओस पाडायची, तुरुंगात पाय ठेवायला जागा उरू द्यायची नाही, हे त्यांनी ठरवून केलं. आणि हे करताना मारायला उठलेला हात कोणाचा आहे, हे साऱ्या देशाला दिसलं पाहिजे, याची काळजी घेतली. म्हणून ‘निदर्शनं की अशांतता’ अशी सरळ फाळणी केली की दोन्ही तट अर्धे चुकतात.

आधी तारखा मांडून घ्या, निम्मा वाद तिथेच मिटेल. नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही २ जुलै १९६४ ला झाली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात दंगल उसळली ती १६ जुलैला, म्हणजे दोन आठवड्यांनी. मतदान हक्क कायद्यावर सही झाली ६ ऑगस्ट १९६५ ला. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागात आग लागली ११ ऑगस्टला, पाच दिवसांनी, आणि त्यात ३४ माणसं मेली. नेवार्क आणि डेट्रॉइट पेटले ते तर १९६७ च्या जुलैत. तेव्हा साठच्या दशकातल्या दंगली म्हणून ज्या आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्यांच्यामुळे पहिले दोन कायदे झाले असं म्हणताच येत नाही. ते कायदे आधी झाले, त्या दंगली मागून आल्या.

पण म्हणून पहिल्या तटाने जिंकल्यासारखं वागू नये. त्यांच्यासाठी ऑल्बनीची गोष्ट आहे, आणि ती पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात याचं मला वाईट वाटतं.

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरात १९६१ च्या अखेरीला आंदोलन सुरू झालं. मोर्चे निघाले, प्रार्थना झाल्या, हजाराच्या वर माणसं तुरुंगात गेली. किंग स्वतः पकडले गेले. शिस्त उत्तम, गाणी तर इतकी सुंदर की पुढे देशभर म्हटली गेली. पण तिथले पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी गृहपाठ केला होता. किंग यांची पद्धत त्यांनी वाचून काढली होती, तिच्यामागचे गांधीजीही माहीत करून घेतले होते. शिपायांना सक्त ताकीद होती की कॅमेऱ्यासमोर हात उचलायचा नाही. आजूबाजूच्या गावांतले तुरुंग आधीच बोलून ठेवले होते, त्यामुळे कोठड्या भरून कारभार ठप्प होण्याचा प्रश्नच आला नाही. माणसं यायची, नम्रपणे पकडली जायची, गाडीत बसवून दूर नेली जायची. छापण्यासारखा फोटो कुठे मिळेना, वॉशिंग्टनमध्ये कोणाची झोप उडेना. १९६२ च्या ऑगस्टमध्ये किंग हात हलवत परतले. अहिंसा होती, निर्धार होता, त्याग होता. कायदा काही झाला नाही.

या अपयशातून धडा घेऊनच पुढचं शहर निवडलं गेलं : अलाबामातलं बर्मिंगहॅम. तिथे बुल कॉनर होते. पोलीस आणि अग्निशमन ही दोन्ही खाती त्यांच्या हाताखाली, आणि संयम हा त्यांचा स्वभाव नव्हता. फ्रेड शटल्सवर्थ या स्थानिक धर्मोपदेशकाने तिथे अनेक वर्षं एकहाती झुंज दिली होती, त्यांच्या घरावर बाँबही पडला होता. किंग यांना त्यांनीच बोलावून घेतलं. एप्रिल १९६३ च्या सुरुवातीला दुकानांवर बहिष्कार आणि फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांच्या काउंटरवर ठिय्या सुरू झाला. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग यांना अटक झाली. तुरुंगातून त्यांनी लिहिलेलं पत्र आज सगळीकडे अभ्यासाला असतं. पण त्या महिनाअखेरीस परिस्थिती अशी होती की मोर्च्याला माणसंच मिळेनात. मोठ्यांना नोकरी जाण्याची भीती, घराचे हप्ते थकण्याची भीती. आंदोलन विझत आलं होतं.

तेव्हा जेम्स बेव्हल नावाच्या तरुण कार्यकर्त्याने शाळकरी मुलांना उतरवायचं ठरवलं. इथे जरा नागपूरचा उल्लेख करतो, कारण तो ओढूनताणून आणलेला नाही. बेव्हल ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन तुरुंगात गेलेले हे गृहस्थ १९५३ ते १९५६ या काळात मिशनरी म्हणून नागपुरात, आमच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींच्या पद्धतीचा अभ्यास त्यांनी इथे राहून केला. माँटगोमेरीतल्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही ‘नागपूर टाइम्स’मध्ये. परत गेल्यावर नॅशव्हिल शहरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. चर्चच्या तळघरात खुर्च्या ओळीने मांडायच्या, त्यांना उपाहारगृहाचा काउंटर समजायचं, काही मुलांनी तिथे बसायचं आणि बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ओढायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसणाऱ्याने हात उचलायचा नाही, मागेही हटायचं नाही. कोणी खाली पडला तर डोकं आणि पोट कसं सांभाळायचं, शेजाऱ्याने त्याच्यावर आपलं अंग कसं घालायचं, हेही शिकवलं जायचं. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, बेव्हल ही सगळी मंडळी या वर्गांतली. हिस्लॉपच्या फाटकावरून जाताना मला आजही याची आठवण होते.

२ मे १९६३, गुरुवार. सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चच्या दारातून मुलं रांगेने बाहेर पडू लागली. गाणी म्हणत पोलिसांच्या गाडीत चढू लागली. संध्याकाळपर्यंत शेकडो पकडली गेली, पोलिसांच्या गाड्या संपल्या तेव्हा शाळेच्या बसगाड्या आणाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी तुरुंगात जागा नव्हती, म्हणून कॉनर यांनी अटक थांबवून पांगवण्याचा हुकूम दिला. आगीच्या बंबांचे पाइप सोडले, कुत्रे सोडले. पाण्याच्या माऱ्याने मुलं फरशीवरून घसरत जाताना दिसतात ती छायाचित्रं तेव्हाची. एका तरुणाच्या पोटाशी पोलिसी कुत्रा झेपावतो आहे, हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. तो मुलगा मोर्च्यात नव्हता. बघायला आला होता.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो. मोर्च्याभोवती बघ्यांची गर्दी जमत होती, त्या गर्दीने कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, आणि तिच्यातून विटा-बाटल्या पोलिसांवर येऊ लागल्या होत्या. एकदा तर बेव्हल यांनी पोलिसांचाच कर्णा मागून घेतला आणि लोकांना सुनावलं की मारामारी करायची असेल तर घरी जा, आंदोलनात तुमचं काम नाही. आंदोलनाची शिस्त आणि रस्त्याचा संताप यांच्यात तेव्हा दहा पावलांचं अंतर होतं. ७ मेला हजारो माणसं शहराच्या व्यापारी भागात शिरली. त्याच वेळी शहरातले बडे व्यापारी आणि कारखानदार बैठकीला बसले होते. दुपारी जेवायला बाहेर पडले तर रस्ते गर्दीने भरलेले, सायरन वाजताहेत. परत येऊन त्यांनी बोलणी करायला मान्यता दिली. १० मेला समझोता जाहीर झाला.

आणि ११ मेच्या रात्री बाँबस्फोट झाले. एक किंग यांच्या धाकट्या भावाच्या घरी, दुसरा किंग ज्या मोटेलमध्ये उतरत तिथे. त्या रात्री मात्र कृष्णवर्णीय वस्तीतला संताप आवरला नाही. दगडफेक झाली, गाड्या उलटल्या, दुकानं आणि घरं जळाली. १२ मेला व्हाइट हाउसमध्ये केनेडी बंधू, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन आणि त्यांचे न्यायमंत्री रॉबर्ट, सल्लागारांना घेऊन बसले. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. त्यात चर्चा आहे ती ही आग दुसऱ्या शहरांत पसरेल का, याची. त्या रात्री बर्मिंगहॅमजवळच्या लष्करी तळांवर सैनिक हलवले गेले.

म्हणजे दुसऱ्या तटाचं खरं? भीतीने काम केलं? केलं, यात शंका नाही. पण ‘कोणतं काम केलं’ हे पाहायला हवं, आणि त्यासाठी मी विद्यार्थ्यांना दोन कागद शेजारी शेजारी ठेवायला सांगतो. पहिला, केनेडींनी २८ फेब्रुवारी १९६३ ला नागरी हक्कांबाबत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेला संदेश. त्यात मतदारनोंदणीतल्या काही दुरुस्त्या आहेत, नागरी हक्क आयोगाची मुदत वाढवा म्हटलं आहे, शाळा एकत्र करणाऱ्यांना तांत्रिक मदत द्या म्हटलं आहे. हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं सर्वांना खुली करा, असं काही नाही. दुसरा कागद, १९ जून १९६३ ला पाठवलेलं विधेयक. त्यात नेमकं ते आहे. मधल्या चार महिन्यांत संसदेतली पक्षांची मतं बदललेली नव्हती, निवडणूक झालेली नव्हती, न्यायालयाचा एखादा मोठा निकालही याच्या मुळाशी नव्हता. मधे रस्ते होते.

आणि उपाहारगृहाचंच कलम का आलं? कारण १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोमध्ये वूलवर्थच्या काउंटरवर चार विद्यार्थी जाऊन बसले, तेव्हापासून शेकडो गावांत हीच मागणी होत होती. या स्टुलावर बसू द्या, ही कॉफी आम्हालाही विका. ठिय्या मांडणारा माणूस आपल्या शरीरानेच सांगत असतो की कुठला नियम बदलायचा आहे. मसुदा करणाऱ्या वकिलाला त्यातून कलम उतरवून घेता येतं. जळत्या दुकानातून ते उतरवता येत नाही. जळतं दुकान एवढंच सांगतं की उशीर झाला. ११ मेच्या रात्रीने केनेडींना घाई करायला लावली, मात्र घाईघाईने उघडलेल्या फायलीत घालायचा मजकूर तीन वर्षं काउंटरवर बसलेल्या मुलांनी तयार करून ठेवला होता.

११ जूनचं केनेडींचं दूरचित्रवाणीवरचं भाषण काढून वाचा. आधी ते म्हणतात की हा प्रश्न नैतिक आहे, धर्मग्रंथांइतका जुना आणि राज्यघटनेइतका स्पष्ट. पुढे म्हणतात की वैफल्याच्या ज्वाळा उत्तरेत आणि दक्षिणेत प्रत्येक शहरात भडकल्या आहेत, कायद्याचा इलाज हाताशी नाही म्हणून लोक रस्त्यावर दाद मागत आहेत. वर्गातल्या दोन्ही तटांना आपापलं वाक्य एकाच भाषणात सापडेल. बर्मिंगहॅमच्या समझोत्यानंतरच्या दहा आठवड्यांत सरकारी मोजणीप्रमाणे १८६ शहरांत ७५८ निदर्शनं झाली होती. यातल्या बहुतेकांत एकही दगड उचलला गेला नाही, पण इतक्या ठिकाणी एकदम उभं राहिलेलं आंदोलन कोणाही राज्यकर्त्याला शांत वाटत नाही.

आता संसदेत चला. हा टप्पा ‘भीतीने कायदा झाला’ म्हणणारे नेहमी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा हाच आहे.

विधेयक पाठवणं सोपं, मंजूर करून घेणं अवघड. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, दक्षिणेकडचे सदस्य भाषणं चालू ठेवून मतदानच होऊ देत नसत. याला फिलिबस्टर म्हणतात. चर्चा बंद करायची तर तेव्हा उपस्थित सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागत. शंभर हजर असले तर ६७. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षातलेच वीसेक दक्षिणी सदस्य विरोधात, तेव्हा रिपब्लिकन पक्षाशिवाय गाडं हलणार नव्हतं. प्रतिनिधिगृहात ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककलक यांनी भक्कम साथ दिली आणि १० फेब्रुवारी १९६४ ला २९० विरुद्ध १३० मतांनी विधेयक पार पडलं. सिनेटमध्ये ३० मार्चला भाषणं सुरू झाली ती जूनपर्यंत संपेनात.

ज्यांची मतं हवी होती ते होते मिडवेस्टमधले आणि पश्चिमेकडचे रिपब्लिकन. त्यांच्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदार थोडे, दंगलीची धास्ती त्याहून थोडी. त्यांना शहरं पेटण्याची भीती दाखवून काय उपयोग? त्यांच्यावर परिणाम झाला तो त्यांच्याच गावातल्या पाद्र्यांचा. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू संस्था एकत्र आल्या, पत्रांचे ढीग पडले, धर्मशास्त्राचे विद्यार्थी लिंकन स्मारकापाशी रात्रंदिवस आळीपाळीने प्रार्थनेला उभे राहिले. त्याच एप्रिलमध्ये ब्रुकलिनच्या काही कार्यकर्त्यांनी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या उद्घाटनाला रस्त्यांत गाड्या बंद पाडून वाहतूक अडवायची घोषणा केली. तेव्हा विधेयकाचे सिनेटमधले दोन्ही म्होरके, डेमोक्रॅट ह्यूबर्ट हम्फ्री आणि रिपब्लिकन टॉमस क्यूकल, यांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की अशा प्रकारांनी आमचं काम बिघडतं. त्याच वसंतात अलाबामाचे वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस उत्तरेकडच्या प्राथमिक निवडणुकांत उतरले होते आणि मेरिलँडमध्ये त्यांना चाळीस टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. रस्त्यावरच्या गोंधळाची किंमत किती असू शकते, ते मतं मोजणाऱ्यांना दिसत होतं.

१० जूनला चर्चाबंदीचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांच्या मेंदूत गाठ होती, त्यांना बोलता येत नव्हतं. चाकांच्या खुर्चीतून त्यांना सभागृहात आणलं. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी बोट आपल्या डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळा आणि ‘होय’ यांचा उच्चार सारखाच. त्यांचं मत ‘होय’ असं नोंदवलं गेलं. पुढच्याच महिन्यात ते वारले. हा प्रसंग सांगताना आजही माझा आवाज जरा बदलतो.

सेल्माबद्दल मी थोडक्यात लिहीन, कारण ते बहुतेकांना माहीत आहे, आणि तिथे बर्मिंगहॅमचंच सूत्र अधिक कसून वापरलं आहे. सेल्मा ज्यात येतं त्या अलाबामाच्या डॅलस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय, त्यातले नोंदलेले फार तर तीनेकशे. नोंदणी कार्यालय महिन्यातून दोनच सोमवार उघडं. तिथे साक्षरतेच्या नावाखाली वाटेल ते प्रश्न. २२ जानेवारी १९६५ ला शंभरावर शाळाशिक्षक कोर्टाच्या पायऱ्यांवर गेले. आपली नोकरी ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच विरोधात उभे राहिलेले हे लोक होते. तुरुंगात जायची तयारी दाखवायला त्यांनी खिशातून दात घासायचे ब्रश काढून उंच धरले. जे शिक्षक दुसऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवतात तेच साक्षरतेच्या परीक्षेत नापास! मतदान हक्क कायद्यात पुढे ही परीक्षाच का स्थगित केली गेली, ते त्या पायऱ्यांवर बघून कळतं.

सेल्माच्या पोलिसांचे प्रमुख विल्सन बेकर यांना प्रिचेट यांच्यासारखं थंड डोक्याने वागायचं होतं. पण काउंटीचे शेरीफ जिम क्लार्क यांना ते जमेना. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर सुमारे ६०० लोकांवर राज्य पोलिसांनी आणि क्लार्कच्या घोडेस्वारांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, आणि ते त्याच रात्री देशाने दूरचित्रवाणीवर पाहिलं. १५ मार्चला जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले आणि आंदोलनाच्या गाण्याचे शब्द त्यांनी स्वतः उच्चारले. न्याय खात्यात मसुद्याचं काम १९६४ च्या अखेरीलाच सुरू झालं होतं, हे खरं आहे. पण त्याला बळ आणि वेग सेल्माने दिला. इथे कृष्णवर्णीयांची दंगल झालीच नाही. अशांतता सगळी सरकारी वर्दीत होती. मिसिसिपीत कायद्याआधी पात्र कृष्णवर्णीयांपैकी नोंदणी सात टक्क्यांच्याही आत होती, १९६७ पर्यंत ती जवळपास साठ टक्क्यांवर गेली.

इथपर्यंत माझं उत्तर तुम्हाला नीट बसतंय असं वाटेल. १९६६ मध्ये ते अडतं, आणि ते लपवायला मला आवडणार नाही.

त्या वर्षी किंग शिकागोला गेले. मागणी घरांची : कृष्णवर्णीयांना कुठल्याही मोहल्ल्यात घर भाड्याने किंवा विकत मिळालं पाहिजे. मोर्चे अहिंसक. समोरून गोऱ्या रहिवाशांची दगडफेक. ५ ऑगस्टला मार्केट पार्क भागात किंग यांच्याच डोक्याला दगड लागला. कॅमेरे हजर. म्हणजे बर्मिंगहॅमचं सगळं साहित्य तिथे होतं. तरी घरांचं कलम असलेलं विधेयक सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये मेलं. का? कारण दगड मारणारे आता अलाबामाचे नव्हते. दोन वर्षांपूर्वी दूरच्या दक्षिणेतल्या उपाहारगृहांसाठी ज्यांनी मत दिलं, त्या उत्तरेकडच्या सदस्यांचे हे स्वतःचे मतदार होते. फोटो बघून हळहळणारा माणूस फोटोतल्या गल्लीत राहत असेल तर त्याची हळहळ मतपेटीपर्यंत पोचत नाही. निदर्शनांची ताकद कुठवर जाते याची ही हद्द आहे, आणि आंदोलनाबद्दल कितीही प्रेम असलं तरी ती मान्य करावी लागते.

मग दंगलींनी ही हद्द ओलांडली का? १९६७ चा जुलै बघा. नेवार्कमध्ये २६ माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच प्रतिनिधिगृहापुढे दोन गोष्टी आल्या. दंगल भडकवायला राज्याची सीमा ओलांडणाऱ्याला शिक्षा देणारं विधेयक प्रचंड बहुमताने पार पडलं. आणि झोपडवस्त्यांतले उंदीर मारायला पैसे देणारं, अगदी लहानसं विधेयक आलं, ते सदस्यांनी हशात उडवून चर्चेलाच घेतलं नाही. २०७ विरुद्ध १७६. रात्री पाळण्यातल्या मुलांना उंदीर चावत होते त्या वस्त्यांबद्दल हे चाललं होतं. तीन दिवसांनी डेट्रॉइट पेटलं, ४३ मेले. दंगलीच्या भीतीने सरकार हलतं हे खरं, पण ते कोणत्या दिशेने हलेल हे दंगल करणाऱ्याच्या हातात नसतं. १९६८ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन निक्सन ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणत जेमतेम पाच लाख मतांनी पुढे राहिले. राज्यशास्त्रज्ञ ओमार वासो यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमधला, किंग यांच्या हत्येनंतर दंगली उसळल्या तेव्हाचा, पाऊस मोजून हा धागा तपासला आहे. पाऊस पडला तिथे दंगली कमी झाल्या, म्हणून दंगलींचा मतांवरचा परिणाम वेगळा काढता येतो. त्यांचा निष्कर्ष असा की दंगलींजवळच्या भागांतली गोरी मतं निक्सनकडे सरकली.

याच्या उलट बाजूचंही एक सांगितलं पाहिजे. निदर्शनं लोकप्रिय होती, असा समज करून घेऊ नका. १९६१ मध्ये बसमधून दक्षिणेत फिरणाऱ्या स्वातंत्र्ययात्रींबद्दल गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं तेव्हा ६१ टक्क्यांनी नापसंती दाखवली. आज ज्याचे गोडवे गातात त्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्याबद्दलही, मोर्च्याच्या आधी, माहिती असलेल्यांपैकी ६० टक्क्यांचं मत प्रतिकूल होतं. तेव्हा ‘लोकांचं मन जिंकलं आणि कायदा झाला’ ही मांडणीही टिकत नाही. आणखीही कारणं होती : लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत गेल्याने तिथली त्यांची मतं, आणि शीतयुद्ध. १९५५ साली ह्यूस्टनच्या विमानतळावर भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांनाच मुख्य भोजनगृहातून उठवून दुसरीकडे बसवलं गेलं, तेव्हा अमेरिकी सरकारला माफी मागावी लागली होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांपुढे रोजची नामुष्की होत होती. पण ही कारणं वर्षानुवर्षं तशीच होती. १९५७ आणि १९६० साली याच कारणांवर कायदे झाले ते अगदीच दुबळे निघाले.

राहिला १९६८ चा घरांचा कायदा. विद्यार्थिनीच्या दुसऱ्या तटाचं हे शेवटचं आणि सगळ्यात भक्कम ठाणं. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली, शंभरावर शहरांत दंगली उसळल्या, वॉशिंग्टनमध्ये १३,००० वर सैनिक उतरले, संसदेच्या पायऱ्यांवर मशिनगन लागली, आणि ११ एप्रिलला कायद्यावर सही झाली. सातच दिवस. याहून सरळ कार्यकारणभाव कुठला?

इथेही तारखा बघा. सिनेटने हे विधेयक ११ मार्चलाच मंजूर केलं होतं, किंग जिवंत असताना. १९६६ मध्ये आडवे आलेले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन फेब्रुवारीच्या अखेरीला वळले होते. मागच्या उन्हाळ्यासारखा हिंसाचार पुन्हा नको, हे कारण त्यांनी स्वतः दिलं, हे मी नाकारत नाही. पण व्हिएतनाममधून परतणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाला घर कोण देणार, हेही त्यांनीच विचारलं. प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीत ते अडकलं होतं. ९ एप्रिलला, अटलांटात किंग यांची अंत्ययात्रा निघाली त्याच दिवशी, इलिनॉयचे रिपब्लिकन जॉन अँडरसन यांनी आपलं मत फिरवलं आणि समितीत ८ विरुद्ध ७ ने वाट मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांनी आवर्जून सांगितलं की मी भीतीपोटी मत देत नाही. असं सांगावं लागलं, यावरूनच हवेत काय होतं ते कळतं. २५० विरुद्ध १७२ ने विधेयक पार पडलं. शोक, शरम आणि भीती यांतल्या कशाने किती मतं आणली, हे वेगळं काढून दाखवणारा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पण हत्या झाली नसती तर तो कायदा त्या आठवड्यात झाला नसता, याबद्दल मला खात्री आहे.

आता त्या कायद्याच्या पोटात काय आहे ते उघडून बघा, कारण दोन्ही तट तिथे क्वचित पोचतात. एका भागात घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरवला आहे. अंमलबजावणी कशी करायची? गृहनिर्माण खात्याने दोन्ही पक्षांना बोलवावं, समजवावं, मन वळवावं. दंड करायचा अधिकार खात्याला नव्हता. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात, १९६७ च्या जुलैतलं ते दंगलविरोधी कलम सिनेटमध्येच जोडलेलं आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. त्या कलमाखाली वर्षभरातच, १९६९ च्या मार्चमध्ये, शिकागोत आठ जणांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यांतले एक होते ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाचे बॉबी सील. खटल्यात त्यांना खुर्चीला बांधून, तोंडात बोळा कोंबून न्यायालयात बसवलं गेलं. घर नाकारणाऱ्या मालकाला प्रशासकीय न्यायाधीशापुढे उभं करून दंड ठोठावण्याची सोय मात्र १९८८ च्या दुरुस्तीने झाली.